घरची शाळा : फेरा कोठें थांबवावा?

एकच गोष्ट पुनःपुन्हां करणें यास आपण व्यवहारांत कधीं चिकाटी म्हणतों, कधीं साधना म्हणतों, आणि कधीं निव्वळ हेका म्हणतों. काम तेंच, हात तेच. मग नांवांत हा फरक कां पडावा? आमच्या मतें फरक एवढाच कीं, पहिल्या दोन ठिकाणीं कोठें थांबावयाचें हें करणाऱ्यास आधीं ठाऊक असतें, आणि तिसऱ्या ठिकाणीं तें ठाऊक नसतें. संगणकास काम सांगण्याची जी विद्या आज आपल्या घरचीं मुलें शिकत आहेत, तिच्यांतील एका मुख्य प्रकरणाचें सार याच वाक्यांत आहे. म्हणून या महिन्यांत त्या प्रकरणाचा विचार घरांतील वडील माणसांसाठीं करावा असें आम्हीं योजिलें आहे.

मुलांना सोडून वडील माणसांकडे वळण्याचें कारण उघड आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावीच्या संगणकशास्त्रांत पायथॉन नांवाची भाषा शिकवितात. यवतमाळ, पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींचाही तिच्याशीं लवकरच परिचय होतो. सायंकाळीं मूल यंत्र उघडून बसतें, कोठें तरी अडतें, आणि घरांत सातआठ मोठीं माणसें असूनही तें कोणासच विचारीत नाहीं. आजोबांनीं आयुष्यभर पाढे म्हणवून घेतले, आजीनें जपाच्या माळा ओढल्या, काकांनीं शेताचे हिशेब राखले, परंतु "हें यंत्राचें काम, त्यांतलें आपल्यास काय कळणार?" असें म्हणून सर्वच बाजूस होतात. मग मूल यंत्रालाच उत्तर विचारतें, यंत्र तयार उत्तर पुढें करतें, मूल तें जसेंच्या तसें उतरून घेतें, आणि शिकावयाचें तेवढें राहून जातें. एकत्र कुटुंबाचा एक मोठा लाभ असा हातचा जावा हें आम्हांस बरें वाटत नाहीं. या प्रकरणापुरतें तरी आजीआजोबांना जें ठाऊक आहे तेंच नातवाला हवें आहे, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

प्रथम भाषेची ओळख. ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें आम्स्टरडॅम येथील एका गणित व संगणक संशोधन संस्थेंत असतांना १९८९ च्या डिसेंबरांत, नाताळच्या सुटींत, हिच्या रचनेस आरंभ केला, व १९९१ सालीं ती प्रथम लोकांपुढें आली. नांव ऐकून अजगर आठवतो खरा, परंतु तें नांव एका ब्रिटिश विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून घेतलेलें आहे. हिचें व्याकरण थोडें आणि वाक्यें सुटसुटीत, म्हणून नवशिक्यास ती सोयीची पडते. २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आणखी एक सोय झाली आहे: आपण ज्या वस्तूंस नांवें देतों तीं देवनागरींतही देतां येतात. 'तालुका', 'पाऊस', 'बाकी' हीं नांवें यंत्र विनातक्रार स्वीकारतें. मात्र भाषेचे स्वतःचे राखीव शब्द रोमन लिपींतच लिहावे लागतात, आणि हिशेबांतले आंकडेही इंग्रजीच. येथें आम्ही सर्वच देवनागरींत छापीत आहों, एवढें ध्यानांत ठेवावें.

या भाषेंत पुनरावृत्तीस 'लूप' म्हणतात; आपण त्यास फेरा म्हणूं. फेऱ्याचे प्रकार दोन. पहिल्यांत किती वेळां, किंवा कोणाकोणावरून, फिरावयाचें हें आरंभींच ठरलेलें असतें. त्याचा शब्द 'फॉर'. दुसऱ्यांत संख्या ठरलेली नसते, अट ठरलेली असते, आणि ती अट खरी आहे तोंपर्यंत फिरावयाचें असतें. त्याचा शब्द 'व्हाईल'.

पहिला प्रकार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कळंबच्या श्रीचिंतामणीपुढें असो वा घरच्या देव्हाऱ्यापुढें असो, अथर्वशीर्षाचीं एकवीस आवर्तनें करावयाचीं झालीं म्हणजे क्रम कसा असतो? आरंभीं शांतिपाठ एकदां. मग आवर्तनें एकवीस. आणि फलश्रुति शेवटच्या आवर्तनानंतर एकदांच. हाच क्रम पायथॉनमध्यें असा मांडतां येईल:

शांतिपाठ()
फॉर आवर्तन इन रेंज(२१):
    अथर्वशीर्ष()
फलश्रुति()

नांवापुढील रिकामा कंस म्हणजे 'हें काम कर' अशी आज्ञा. 'रेंज' हा शब्द आंकड्यांची माळ ओवून देतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटीं अपूर्णविरामाचें चिन्ह आहे, आणि तिसरी ओळ डाव्या कडेपासून चार जागा आंत सरकलेली आहे. त्या चार जागांतच सर्व मर्म आहे. जी ओळ आंत सरकली ती फेऱ्याच्या पोटांत गेली, आणि ती एकवीस वेळां होईल. जी कडेला राहिली ती एकदांच होईल. नवशिकें मूल 'फलश्रुति' हीही ओळ आंत सरकवून बसतें, आणि मग फलश्रुति एकवीस वेळां होते. यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढीत नाहीं, कारण यंत्राच्या दृष्टीनें त्यांत कांहींच चुकलेलें नसतें. परंतु जी आजी आवर्तनांस बसली आहे, तिच्या कानाला ही चूक तत्काळ कळेल. पायथॉन न शिकतांही कळेल. आणि नातवाला तिचें एवढेंच साहाय्य हवें असतें.

आतां माळेविषयीं. 'रेंज(२१)' ही माळ शून्यापासून मोजूं लागते आणि विसावर संपते. शून्य धरून मणी एकवीसच भरतात. एकापासून मोजावयाचें असेल तर 'रेंज(१, २२)' असें लिहावें लागतें, कारण दुसरा आंकडा मोजींत धरला जात नाहीं. 'रेंज(१, २१)' लिहिलें तर आवर्तनें वीसच होतील. पुष्कळ मुलें या ठिकाणीं ठेचाळतात, व "असा विचित्र नियम कां?" म्हणून विचारतात. त्यांच्या हातीं जपमाळ द्यावी. माळेंत मणी एकशें आठ, आणि त्यांवर मेरुमणि. जप मेरूपर्यंत येतो. मेरु मोजींत धरीत नाहींत आणि ओलांडीतही नाहींत. 'रेंज'मधील दुसरा आंकडा हा त्या माळेचा मेरु समजावा. हा दृष्टांत एकदां मनांत बसला म्हणजे चूक पुन्हां होत नाहीं.

आंकड्यांऐवजीं नांवांची यादी दिली तरी 'फॉर' तिच्यावरून त्याच क्रमानें फिरतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा: यवतमाळ, बाभुळगांव, कळंब, राळेगांव, केळापूर, घाटंजी, वणी, मारेगांव, झरी-जामणी, दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, पुसद, उमरखेड आणि महागांव. या यादीस 'तालुके' असें नांव दिलें, कीं 'फॉर तालुका इन तालुके' एवढ्या वाक्यानें यंत्र यवतमाळपासून महागांवपर्यंत एकेका तालुक्यास भेट देतें. सोळा हा आंकडा सांगण्याचेंही कारण पडत नाहीं. प्रत्येक भेटींत काय करावयाचें तें आंत सरकवून लिहावें: पावसाची नोंद वाचावी, बेरजेंत मिळवावी, आणि पुढें जावें.

फेऱ्याच्या पोटांत दुसरा फेराही घालतां येतो, आणि त्याचें उदाहरण म्हणजे पाढे. बाहेरचा फेरा दोनापासून तिसापर्यंत. आंतला प्रत्येक वेळीं एकापासून दहापर्यंत. बाहेरचा एक पाऊल चालतो तेव्हां आंतला दहा पावलें चालून परत आरंभीं येतो. आजोबांनीं हा दुहेरी फेरा हजारों वेळां चालविला आहे.

येथून पुढें खरी गोष्ट लागते. ठरलेला फेरा मध्येंच मोडावयाचा किंवा एखादें पाऊल गाळावयाचें, तर काय करावें? त्यासाठीं दोन शब्द आहेत: 'ब्रेक' आणि 'कंटिन्यू'. 'ब्रेक' म्हणजे हा फेरा येथेंच सोड व बाहेर पड. 'कंटिन्यू' म्हणजे या खेपेचें उरलेलें काम सोड व पुढच्या खेपेस लाग. सतराचा पाढा म्हणतांना मूल 'सतरा साते' येथें अडलें, आणि आजोबा म्हणाले, "राहूं दे, पुढचें म्हण," तर तो 'कंटिन्यू' झाला. सतरा अठ्ठेपासून पाढा चालूं राहतो. ते म्हणाले, "सतराचा पुरे, आतां अठराचा घे," तर तो 'ब्रेक' झाला. मात्र 'ब्रेक'नें आंतला फेरा तेवढा मोडतो, बाहेरचा मोडत नाहीं. अठराचा पाढा म्हणावा लागतोच. मुलाला वाटतें कीं, 'ब्रेक' म्हटलें म्हणजे सगळीच सुटी. परंतु तसें नाहीं.

हे दोन शब्द दिसावयास सारखे, पण एकाच्या जागीं दुसरा पडला तर केवढा अनर्थ होतो तें पहा. सोळा तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी यंत्र वाचीत आहे, आणि राळेगांवची नोंद कांहीं कारणानें कोरी आली आहे अशी कल्पना करूं. कोरी नोंद गाळून पुढें जावें म्हणून तेथें 'कंटिन्यू' हवा. तर पंधरा तालुक्यांचा हिशेब नीट होईल. नवशिक्यानें तेथें 'ब्रेक' लिहिला, तर यवतमाळ, बाभुळगांव आणि कळंब या तिघांचाच हिशेब होऊन यंत्र थांबेल. राळेगांव गेलें तें गेलेंच, पण त्याच्या मागें केळापुरापासून महागांवपर्यंत बारा तालुके निष्कारण गळाले. आणि यंत्र तक्रार करणार नाहीं. तें तीन तालुक्यांची सरासरी जिल्ह्याची म्हणून छापून देईल. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला म्हणजे अतिवृष्टि समजून पंचनामे व मदत यांचा विचार होतो; अशा वेळीं एका शब्दाच्या चुकीनें पुसद-उमरखेडकडील शेतकऱ्याचें नांव यादींत न येणें ही लहान गोष्ट नव्हे.

याच्या उलट, 'ब्रेक' योग्य कोठें? जिल्ह्यांत आज कोठें तरी अतिवृष्टि झाली काय, एवढेंच पाहावयाचें असेल तेथें. पहिला असा तालुका सांपडतांच उत्तर मिळालें. पुढें शोधीत बसण्याचें कारण नाहीं. सारांश, सर्वांस भेटावयाचें आहे कीं एकास शोधावयाचें आहे, हें आधीं ठरवावें. मग शब्द आपोआप सुचतो.

आतां दुसरा प्रकार, 'व्हाईल'. हा आपल्या जिल्ह्यास कापसानें शिकविलेला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते, मग दुसरी, मग तिसरी. किती वेचण्या होतील हें पेरणीच्या दिवशीं कोणी सांगूं शकत नाहीं. पऱ्हाटीवर बोंडें फुटत आहेत तोंपर्यंत वेचावयाचें. ही अट वरवर पाहतां पुरेशी वाटते. परंतु पाणी दिलें तर पऱ्हाटी हंगामानंतरही थोडीथोडी बोंडें देतच राहते. तिला फरदड म्हणतात. प्रत्येक खेपेस थोडा कापूस मिळतो, म्हणून "आणखी एक वेचणी" असें म्हणत शेत मार्च-एप्रिलपर्यंत उभें राहतें. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापसाची जी दुर्दशा केली, ती आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस सांगावयास नको. अळीला उभ्या बोंडांत खाणें मिळत राहतें, तिचा जीवनक्रम तुटत नाहीं, आणि पुढच्या हंगामाच्या पिकावर ती आधींच टपून बसते. म्हणून कृषि विभाग व शास्त्रज्ञ फरदड घेऊं नका, हंगाम आटोपतांच शेत मोकळें करा, असें बजावून सांगत असतात. याचा अर्थ फेऱ्याच्या भाषेंत असा कीं, 'बोंडें आहेत तोंपर्यंत' ही अट अपुरी होती; तिला कालाची दुसरी अट जोडणें अवश्य होतें:

व्हाईल बोंडें > ० अँड आठवडा < शेवटचा_आठवडा:
    वेचणी()
    आठवडा = आठवडा + १

'अँड' म्हणजे दोन्ही अटी खऱ्या असल्या तरच पुढें जावें. शेवटची ओळ पहा. दर खेपेस आठवडा एकानें पुढें सरकतो. ही ओळ मूल विसरलें, तर यंत्राच्या वहींत काल पुढें सरकतच नाहीं; कालाची अट लिहूनही व्यर्थ होते. 'फॉर'मध्यें माळ आपोआप ओढली जाते. 'व्हाईल'मध्यें ती आपली आपण ओढावी लागते. हा दोहोंतील सर्वांत मोठा भेद होय.

माळ ओढावयाची राहिली म्हणजे काय होतें? यंत्र फिरतच राहतें. तें थकत नाहीं, कंटाळत नाहीं, "अहो, हें काय चाललें आहे?" असें विचारीत नाहीं. माणसाचा आळस हा दुर्गुण खरा, परंतु पुष्कळ वेळां तोच त्याला निरर्थक फेऱ्यांतून सोडवितो. यंत्रापाशीं तोही नाहीं. अशा वेळीं 'कंट्रोल' व 'सी' या दोन कळा एकत्र दाबल्या म्हणजे बहुधा यंत्र भानावर येतें. मुलास ही युक्ति पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावी.

'व्हाईल' आणि 'ब्रेक' यांचा घरबसल्या अभ्यास करण्यास एका मराठी शाळामास्तरांनीं फार सुंदर साधन ठेविलें आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकून ते १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीस शिक्षक होते. संख्यांशीं खेळणें हा त्यांचा ध्यास. १९४९ सालीं मद्रास येथील गणित परिषदेंत त्यांनीं आपला एक शोध जाहीर केला. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्या कार्याविषयीं लिहिल्यावर त्यांचें नांव जगभर पसरलें. शोध असा: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठींतून लहान वजा करा. बाकीवर पुन्हां हेंच करा. फिरतां फिरतां ६१७४ ही संख्या येते, आणि ती आली कीं हलत नाहीं, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तर ६१७४ च उरतात. अधिकांत अधिक सात फेऱ्यांत हा मुक्काम गांठला जातो.

कापरेकरांचें जन्मवर्ष १९०५ हेंच घेऊन पाहूं. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढें ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. मग ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि शेवटीं ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. बरोबर सात फेरे.

यंत्रास हें सांगतांना किती फेरे लागतील तें ठाऊक नसतें, म्हणून 'व्हाईल ट्रू', म्हणजे 'अट सदैव खरी', असा आरंभ करितात, आणि पोटांत लिहितात कीं बाकी ६१७४ झाली तर 'ब्रेक'. आतां येथेंच दोन खड्डे आहेत, आणि ते दोन्ही मुलाला स्वतः सांपडूं द्यावेत. पहिला: ३३३३ दिली तर बाकी शून्य, शून्याची बाकी पुन्हां शून्य, ६१७४ कधींच येत नाहीं, आणि यंत्र कायमचें घाण्याला जुंपलें जातें. दुसरा खड्डा अधिक सूक्ष्म आहे. २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कागदावर आपण ०९९९ लिहितों, आणि पुढें ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ असें जाऊन, ८०८२ व ८५३२ यांवरून ६१७४ ला पोंचतों. यंत्राला संख्येपुढील शून्य दिसत नाहीं. तें ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यांत पडतें आणि तेथेंच फिरत राहतें. शून्य लावून अंक चार करून घ्यावे, ही गोष्ट आपणच सांगावी लागते.

मुलास गोडी लागली तर १००० पासून ९९९९ पर्यंत सर्व संख्या यंत्राकडून तपासून घ्याव्या. बाहेर 'फॉर', माळ 'रेंज(१०००, १००००)', कारण मेरु मोजींत येत नाहीं. चारही अंक सारखे असणाऱ्या १११११ नव्हे, ११११ पासून ९९९९ पर्यंतच्या नऊ संख्यांस 'कंटिन्यू'. आंत 'व्हाईल' आणि 'ब्रेक'. नऊ हजारांतून नऊ गेल्या, ८९९१ राहिल्या. त्या सर्व सात फेऱ्यांच्या आंत मुक्कामीं येतात. जें काम कापरेकर पाटीपेन्सिलीनें धुंडीत बसत, तें यंत्र निमिषांत करून दाखवितें. परंतु तें करण्याची कल्पना पाटीपेन्सिलीपुढें बसलेल्या माणसालाच सुचली होती, हें मुलाला सांगावयास विसरूं नये.

हे सर्व बालखेळ आहेत, मोठीं माणसें असल्या चुका करीत नाहींत, असें कोणी म्हणेल. त्यांस २००८ सालची एक गोष्ट सांगतों. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचें 'झून' नांवाचें गाणीं ऐकण्याचें उपकरण तेव्हां तिकडे विकलें जाई. ३१ डिसेंबर २००८ रोजीं त्यांतील ३० गिगाबाईटच्या जातीचीं उपकरणें एकाएकीं बंद पडलीं. त्यांतील घड्याळ एका ठराविक वर्षापासूनचे एकंदर दिवस मोजी, व आजचें वर्ष काढण्यासाठीं त्यांतून एकेका वर्षाचे दिवस वजा करी. फेऱ्याची अट अशी: उरलेले दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंपर्यंत फिरावें. वर्ष साधें असेल तर ३६५ वजा करावे. लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ हून अधिक असतील तर ३६६ वजा करावे. २००८ हें लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. उरलेले दिवस बरोबर ३६६. ते ३६५ हून अधिक, म्हणून फेऱ्यांतून बाहेर पडतां येईना; ३६६ हून अधिक नाहींत, म्हणून वजाही होईना. कांहींच बदलेना, आणि घड्याळ तेथेंच गरगर फिरत राहिलें. उपाय काय, तर विद्युत्‌घट संपूं द्यावा, आणि १ जानेवारीस ग्रिनिच वेळेप्रमाणें दुपारी बारानंतर उपकरण पुन्हां सुरू करावें, असें कंपनीनें सांगितलें. त्या एका दिवसाकरितां फेऱ्यांत एक 'ब्रेक' घातला असता, तर हें संकट आलेंच नसतें. दर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ज्यांच्या पंचांगांत अधिक मास येतो, त्या आपल्या लोकांना नेहमींपेक्षां लांब वर्षाची जाणीव उपजत असावयास हरकत नाहीं. ती मुलांस द्यावी.

असो. या सर्वांतून घरांत करावयाचें काय, तें सांगून आटोपतों. मूल फेरा लिहून घेऊन आलें, मग तो त्यानें स्वतः लिहिलेला असो वा यंत्रानें तयार दिलेला असो, तर घरांतील एका वडील माणसानें पाटी घेऊन त्याच्याजवळ बसावें आणि तीन प्रश्न विचारावेत. पहिला: दर खेपेस बदलतें काय? कांहींच बदलत नसेल तर फेरा संपणार नाहीं. दुसरा: त्या बदलानें शेवट जवळ येतो काय? बदल होत असूनही तो दूर नेणारा असूं शकतो. तिसरा: कांठावर काय होतें? म्हणजे पहिली खेप, शेवटची खेप, आणि यादी अगदीं रिकामी असली तर. चुका बहुतेक कांठावरच वस्तीला असतात. मधल्या खेपा कोणालाही साधतात.

मग पाटीवर तीन उभे रकाने आंखावेत: खेप कितवी, संख्या किती, अट खरी कीं खोटी. यंत्र बंद ठेवून मुलानें चारपांच खेपा स्वतः चालवाव्या, व मोठ्या माणसानें नुसतें पाहावें. त्याला पायथॉन यावयास नको. बेरीज-वजाबाकी येते एवढें पुरे. जें मूल पाटीवर पांच खेपा चालवूं शकतें, त्याला तयार उत्तरांतली चूकही दिसते. जें चालवूं शकत नाहीं, त्याला यंत्र जें देईल तें गोड मानून घ्यावें लागतें. पुढें हींच मुलें पावसाच्या, पिकांच्या, औषधांच्या आणि पैशांच्या याद्या यंत्रांकडून फिरवून घेणार आहेत. ज्यांचीं नांवें त्या याद्यांत असतील, त्यांना चुकलेला शब्द दिसणार नाहीं, त्याचा परिणाम मात्र भोगावा लागेल. पाटीवर घालविलेली सायंकाळ त्यांच्याचसाठीं आहे.

या महिन्याचा अभ्यास: कापरेकरांची कृति तीन अंकी संख्यांवर करावी. तेथेंही एक मुक्काम आहे. तो कोणता, कोणत्या संख्या आरंभींच गाळाव्या लागतात, आणि पुढील शून्य विसरल्यास कोणत्या संख्येपाशीं खड्डा पडतो, हीं तीन उत्तरें आधीं पाटीवर काढावीं व मग यंत्रावर ताडून पाहावीं. आमचीं उत्तरें पुढील अंकीं देऊं.